मशीन हळू चालवा, पॉलिश टिकवा
(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

 

आमच्या सावंतवाडीकडची लाकडी खेळणी आणि लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. चितारआळीतून ती गावोगाव जातात. रंगवलेल्या फळांचं काम वेगळं, ते चितारी मंडळी ब्रशनं करतात. आज आम्ही बोलणार आहोत ते बिनरंगाच्या, लाकडाची नैसर्गिक नक्षी दाखवणाऱ्या छोट्या वस्तूंबद्दल. कुंकवाचे करंडे, केसांत खोवायचे आकडे, कंगवे, किल्ल्यांची पदकं अशा वस्तू. त्यांना शेवटचं पॉलिश करायला आता बऱ्याच गटांनी हातात धरायचं छोटं फिरतं मशीन घेतलंय. बाजारात त्याला कुणी मिनी ग्राइंडर म्हणतं, कुणी रोटरी टूल. पुढच्या तोंडात दांडी बसवायची, दांडीला नमद्याचं किंवा कापडाचं चाक, आणि बटण दाबायचं.

इथंच घोटाळा होतो. हे मशीन मुळात कापायला, घासायला, कोरायला केलेलं असतं, म्हणून ते फार जोरात फिरतं. मिनिटाला २५ हजार, ३० हजार फेरे. दुकानदार तेच कौतुकानं सांगतो, ‘ताई, फुल पॉवर आहे.’ घासायला ती पॉवर चालते. पॉलिशला चालत नाही. चकाकी यायच्या आधी करंड्यावर तपकिरी डाग येतो, लाख चिकट होऊन चाकाला लागते, आणि तीन दिवस खपून केलेली वस्तू शेवटच्या दहा सेकंदांत हातची जाते. म्हणून आजचा विषय एकच: हे मशीन हळू कसं करायचं, आणि कोणत्या रीतीनं अजिबात करायचं नाही.

आधी कारण समजून घेऊया. कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

चाक लाकडावर घासतं, तेव्हा उष्णता तयार होते. दाब तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर उष्णताही दुप्पट. सोनार दागिन्याला बफ लावतो तेव्हा सोनं-चांदी ती उष्णता झटकन सगळीकडे पसरवतं. लाकूड तसं करत नाही. उलथन्याला, तव्याला लाकडाची मूठ आपण लावतो ती याच गुणासाठी, की आच हातापर्यंत पोचू नये. स्वयंपाकघरात उपयोगी पडणारा तोच गुण पॉलिश करताना आडवा येतो. चाकाखालची उष्णता तिथंच साठते. करंडा बाहेरून गार लागतो आणि चाकाच्या टोकाखाली लाख उकळायला आलेली असते.

आता आकडे ऐका. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. लाख साधारण ७५ ते ८० अंशांना वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी ती मऊ आणि चिकट होऊ लागते. आपण काय करतो? खाली लाखेचा हात, वर मेणाचा पातळ थर. आपल्याला मेण नरम होऊन पसरायला हवंय, आणि त्याखालची लाख मात्र घट्ट राहायला हवीय. या दोन्हींमधली जागा किती अरुंद आहे बघा. दुधाला उकळी फुटू न देता नुसतं कोमट करायचं असेल, तर आपण गॅस मोठा ठेवून चालतं का? तसंच हे.

लाखकाम करणारे कारागीर लेथवर फिरत्या वस्तूला लाखेची कांडी टेकवतात. तिथं घर्षणानं लाख वितळावी हाच हेतू असतो. आपल्या हातातल्या मशीनला नेमकं उलटं काम आहे. म्हणून लेथवरचं पाहून ‘थोडी गरम झाली तर काय बिघडतं’ असं म्हणू नका.

आता दुसरी गोष्ट, चाकाचा आकार. फेरे मिनिटाला किती, एवढंच पाहून भागत नाही. चाकाची कड लाकडावरून किती वेगानं सरकते ते पाहायला हवं. एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचं चाक ३० हजार फेऱ्यांनी फिरलं, तर त्याची कड ताशी १४० किलोमीटर वेगानं धावते. आपली लालपरीसुद्धा एवढी पळत नाही! तेच चाक ५ हजार फेऱ्यांवर आणलं, तर ताशी २३-२४ किलोमीटर. म्हणजे जोरात हाणलेली सायकल. पॉलिशला सायकलचा वेग पुरतो.

यातून एक फुकटचा उपाय मिळतो. मशीनचा वेग कमी करता येतच नसेल, तर चाक लहान लावा. २५ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचं चाक लावलं की फेरे तेवढेच राहून कडेचा वेग निम्म्याहून खाली येतो. पूर्ण इलाज नाही हा, ३० हजारांवर १२ मिलिमीटरची कडसुद्धा ताशी ६८ किलोमीटर धावते. पण निम्मं ओझं उतरतं. मात्र चाकाच्या पाकिटावर ते जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत चालवायचं हा आकडा छापलेला असतो. मशीनचा वेग त्याहून जास्त असेल, तर ते चाक त्या मशीनला लावायचंच नाही. कापडी बफ आणि तारेचे ब्रश यांचा आकडा बहुतेक वेळा बराच कमी असतो. आकडा ओलांडला की बारीक दांडी वाकते, चाक सुटून तोंडावर येतं. इंग्रजी आकडे शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय लावू नका.

आता मशीन हळू करण्याच्या रीती एकेक पाहूया.

पहिली आणि सगळ्यात चांगली रीत म्हणजे वेगाची चकती असलेलंच मशीन घेणं. त्याच्या अंगावर छोटी गोल चकती असते, तिच्यावर १ ते ५ किंवा १ ते ६ आकडे असतात. एकवर ठेवलं की बहुतेक मशीनं ५ ते १० हजार फेऱ्यांच्या दरम्यान चालतात. नेमका आकडा लेबलवर आणि सोबतच्या कागदावर असतो. गटाच्या पैशातून नवं मशीन घेणार असाल, तर दुकानात दोनच प्रश्न विचारा. वेग कमी करता येतो का? सगळ्यात कमी वेग किती? जास्तीत जास्त वेग किती, हे विचारायची गरज नाही, तो दुकानदार आपण होऊनच सांगतो.

दुसरी रीत, ज्यांच्याकडे एकाच वेगाचं जुनं मशीन आहे त्यांच्यासाठी. वीज आणि मशीन यांच्यामध्ये वेग कमी करणारा नियंत्रक लावायचा. ड्रिल मशीनसाठी बनवलेला स्पीड कंट्रोलर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो मशीनच्या वॉटच्या निदान दुप्पट ताकदीचा घ्या आणि बंद डब्यात, वायरमनकडून बसवून घ्या. हा उपाय फक्त साधं चालू-बंद बटण असलेल्या, कार्बन ब्रशच्या मोटरला चालतो. ज्या मशीनला स्वतःची वेगाची चकती आहे, त्याला बाहेरून दुसरा नियंत्रक कधीही लावू नका. आतला एक ओढतो, बाहेरचा दुसरा, मशीन गचके खातं आणि आतला भाग जळतो. चार्जिंगच्या मशीनच्या चार्जरलाही तो लावायचा नाही.

पंख्याचा रेग्युलेटर लावला तर? हा प्रश्न हमखास येतो, कारण तो घरात पडलेला असतो. नको. तो छताच्या पंख्यासाठी असतो. पंख्याची मोटर वेगळ्या जातीची आणि ताकदीनं लहान. मिनी ग्राइंडरला तो रेग्युलेटर तापतो, कधी वेग कमीच होत नाही, कधी मशीन जागीच अडतं.

तिसरी रीत आपल्या ओळखीची आहे. शिलाई मशीनच्या मोटरला पायाचं पेडल असतं ना? हळू दाबलं की सुई हळू, जोरात दाबलं की झरझर. ती मोटरही कार्बन ब्रशचीच असते. सोनाराकडची टांगती मोटरही अशीच पायाच्या पेडलवर चालते. तिच्यापासून लवचिक शाफ्ट निघतो आणि हातात फक्त पेनासारखी मूठ येते. पॉलिशला पेडल फार सोयीचं, कारण दोन्ही हात कामावर राहतात आणि पाय उचलला की मशीन थांबतं.

शिलाईचं पेडल मिनी ग्राइंडरला लावता येईल का, ते आकड्यांवरून ठरतं. मशीनचे वॉट घ्या, २३०नं भागा, म्हणजे अँपिअर निघाले. १३० वॉटचं मशीन असेल, तर अर्ध्या अँपिअरहून किंचित जास्त. ४०० वॉटचा मोठा डाय ग्राइंडर असेल, तर पावणेदोन अँपिअरच्या आसपास. पेडलवर लिहिलेला अँपिअरचा आकडा यापेक्षा चांगला मोठा असेल तरच वायरमनला जोडायला सांगा. आकडा पुसला असेल तर जोडू नका. वायर सोलून, चिकटपट्टी गुंडाळून घरच्या घरी हा खटाटोप कुणी करायचा नाही. २३० व्होल्टला माफी नसते.

चौथी रीत म्हणजे १२ व्होल्टचं छोटं मशीन. ते अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर चालतं, वेगाचा नियंत्रकही स्वस्तात मिळतो, आणि भारनियमनात काम थांबत नाही. ताकद कमी असते, पण पॉलिशला ताकद लागतेच कुठं? नुसतं पॉलिशच करणाऱ्या गटानं हा विचार जरूर करावा.

आता हळू करण्याच्या दोन चुकीच्या रीती. एक, चाक लाकडावर जोरात दाबून मशीनला दमवणं. त्यानं वेग कमी होतो खरा, पण दाब वाढल्यानं उष्णता कमी होत नाही, आणि मोटर जास्त वीज ओढून तापते. दुसरी, फिरत्या दांडीला बोट किंवा चिंधी लावणं. चिंधी गुंडाळली जाते आणि मागोमाग बोट. हे कधीही करायचं नाही.

हळू चालवतानाही एक पथ्य आहे. मोटर थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांडीवर बसवलेला असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू, म्हणजे मोटरला वारा कमी. म्हणून मशीनच्या अंगावर अधूनमधून हात ठेवा. हात ठेवून घेईना इतकं तापलं, तर चाक लाकडावरून उचला, वेग थोडा वाढवून मशीन मोकळं फिरू द्या, म्हणजे वारा मिळून ते थंड होतं. तसं करताना चाकाच्या पाकिटावरचा आकडा ओलांडायचा नाही, नाहीतर चाक काढून ठेवा. आणि मशीन चालू असताना अडून थांबलं, तर क्षणभरही न थांबता बटण बंद करा. फिरत नसलेल्या मोटरमधून वीज वाहत राहिली की ती जळतेच.

आता योग्य वेग ओळखायचा कसा? फेरे मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही. पण कान आहेत, नाक आहे, बोट आहे.

त्याच लाकडाचा टाकाऊ तुकडा घ्या. पांगारा असेल तर पांगाराच, आंबा असेल तर आंबाच, कारण पांगारा मऊ आणि हलका, त्यावर चाक लवकर रुततं. तुकड्याला नेहमीसारखी लाख लावा, पूर्ण वाळू द्या, वर मेणाचा पातळ हात द्या. सगळ्यात कमी वेगावर चाक हलकेच टेकवा आणि एकाच जागी पाच आकडे मोजा. उचला आणि लगेच बोट टेकवा. आपल्या बोटाला ५० अंशांच्या आसपास चटका जाणवू लागतो, म्हणजे बोट आरामात टेकून राहिलं तर लाख सुरक्षित आहे. मेणाचा धूसरपणा गेला आणि चकाकी आली, तर तोच आपला वेग. चकाकी आली नाही, तर अगदी थोडा वाढवा आणि पुन्हा तपासा. चाक ओढल्यासारखं झालं, बोट चिकटलं, वास आला, तर एक पायरी खाली या. वेग ठरला की चकतीवर त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. मग गटातली कुणीही बाई मशीनवर बसली, तरी ठिपका बघून सुरू करेल. आवाजही लक्षात ठेवा. किंचाळणारा आवाज म्हणजे वेग जास्त. भुंग्याच्या गुणगुणीसारखा आवाज म्हणजे ठीक.

काम करताना चाक एका जागी उभं करू नका, रांगोळीचा हात फिरावा तसं सरकवत राहा. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं जा. कडेजवळ आलं की चाक कडेवरून बाहेर पडेल अशा दिशेनं फिरलं पाहिजे. उलट बाजूनं कडेत घुसलं, तर वस्तू हातातून हिसकावून फेकतं. छोटी वस्तू वाळू भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवून धरा, ती घसरत नाही. आणि हे लक्षात असू द्या की चाक खरखर काढत नाही. १२० नंबरच्या कागदापासून ३२०, ४०० पर्यंत हातानं घासणं आधी झालेलं हवं. खरखरीत लाकडावर चाक फिरवून चमक येत नाही, म्हणून आपण दाबतो, दाबलं की तापतं, आणि पुन्हा तेच रामायण.

जपायच्या गोष्टी थोडक्यात. पदर खोचलेला, केसांचा अंबाडा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, हातात बांगड्या शक्य तितक्या कमी. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. कापडी हातमोजे फिरत्या मशीनजवळ घालू नका, ते गुंडाळले जातात. लाखेचं स्पिरिट लांब ठेवा, कारण कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडतात. जवसाचं तेल लावणाऱ्यांनी तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

शेवटी पैशाची गोष्ट. ‘हळू केलं तर माल कमी निघेल, ऑर्डर कशी पुरी होणार?’ गटात हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे, कारण मजुरी नगावर असते. म्हणून हिशेब मांडून बघूया. समजा, जोरात चालवून दिवसाला ४० करंडे झाले, त्यातले ६ जळले. जळलेला करंडा खरवडायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा लाख, पुन्हा मेण. एकाला तीन नव्या करंड्यांच्या पॉलिशइतका वेळ धरा. सहांचे झाले १८. म्हणजे ४० चांगले नग हाती यायला ५८ नगांचा वेळ गेला, जवळजवळ दीड दिवस. दिवसाला पडले २७-२८. आता समजा, हळू चालवून दिवसाला ३२ झाले आणि एखादाच बिघडला. त्याच रीतीनं हिशेब करा, दिवसाला २९ पडतात. लाख आणि मेण वाचलं ते वेगळंच. तुमचे आकडे निराळे असतील. आठवडाभर वहीत दोन रकाने ठेवा, केलेले नग आणि बिघडलेले नग. मग वेगाचा निर्णय वहीवरून घ्या. मशीन आणून देणाऱ्या पुरुष माणसानं किंवा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘जोरात चालवा’ म्हटलं, तर ती वही त्याच्यापुढं ठेवा. जळलेल्या नगाची मजुरी आपल्याच पदरातून कापली जाते, म्हणून वेग किती हे ठरवायचा हक्कही आपलाच.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं तीन कामं करावीत. मशीनचं लेबल वाचून वॉट आणि फेरे वहीत लिहून ठेवा. प्रत्येक चाकाचा आकडा मशीनच्या आकड्याशी ताडून पाहा आणि न बसणारी चाकं वेगळी काढा. आणि टाकाऊ तुकड्यावर वेग तपासून नेलपॉलिशचा ठिपका द्या. तासाभराचं काम आहे.